शिवगंगाक्काचा अंगठा

शिवगंगाक्का लई तोंडाळ होती, असं गाव आजबी म्हणतं. होती. मंग? तोंड होतं म्हणून वापरलं तिनं. ज्यांना असून वापरता आलं न्हाय, त्यांनी तिला नावं ठेवली. मी अयोध्या, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत होती आन् त्या भिंतीत हात जाईल एवढा झरोका. त्यातनं विस्तव बी जायचा, वाटीभर कोरड्यास बी जायचं आन् बातम्या बी. तिचं सगळं म्या या डोळ्यांनी बघितलंय, तवा सांगायचा हक्क माझा हाय.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं दोन कोसांवर. निम्मं गाव लिंगायतांचं. अक्का त्यांच्यातली. माहेर आळंदच्या बाजूचं, म्हणून रागाला आली की कानडी सुरू व्हायचं. आमच्या लेकरांना कानडी येत न्हवतं, पण अक्काच्या शिव्या तोंडपाठ होत्या. नवरा सिद्रामप्पा किराणा दुकानात बसायचा. मान खाली घालून तागडी धरणारा, कुणाच्या अध्यात न्हाय की मध्यात न्हाय असा गरीब माणूस.

अक्काचं पाचवं बाळंतपण अडलं. दोन दिवस बाई तळमळली. सुईणीनं हात टेकले, तवा कुठं पोरगी बाहेर आली. दोघी जगल्या, पण त्या दिवसापासून अक्काला लघवी धरून राहीना. खोकली की थेंब, शिंकली की थेंब, घागर उचलली की लुगडं ओलं. हसली तर विचारूच नका. आन् अक्काचं हसणं कसं? माझ्या चुलीवरचं दूध उतू जायचं तिचं हसणं ऐकताना, एवढं मोठ्ठं. तेच बंद झालं. नऊ वर्सं ती बाई तोंडाला पदर लावून नुसती हुं हुं करायची. मला त्याचंच लई वाईट वाटायचं.

जुन्या धोतराची फडकी घडी करून बांधायची, दिवसातनं चार वेळा बदलायची, घरामागच्या परड्यात दोरीवर वाळत घालायची. लगीन न्हाय, बारसं न्हाय, यष्टीचा प्रवास न्हाय. एकदा एका बारशाला गेली, तर पलीकडची एकजण नाक मुरडून म्हणाली, "वास कशाचा येतोय गं?" अक्का तिथंच म्हणाली, "माझा येतोय. पाच लेकरं काढलीत या अंगातनं. तुझ्या नाकाला लई त्रास व्हत असंल तर अत्तराचा फाया घाल." दुसरीनं विटाळाचं काढलं, तर गळ्यातलं लिंग हातात धरून म्हणाली, "आमच्या धर्मात विटाळ न्हाय. हे रोज माझ्या अंगावर असतं. देवाला चालतं, तुमाला कामून चालंना?" असं ताठ बोलून घरी आली आन् झरोक्यातनं माझा हात धरून ढसाढसा रडली. ते गावाला ठाऊक न्हाय.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्सं झाली असतील. पंचायतीत दोन बाया घ्याव्याच लागतील असा कायदा आला. सरपंच बब्रुवान पाटील. त्यानं एक घेतली आपली विधवा भावजय प्रेमला, जी दिराच्या म्होरं मान वर करीत न्हवती. आन् दुसरी कोण? शिवगंगाक्का! आमी तोंडात बोट घातलं. एवढी फटकळ बाई पाटलानं कशी घेतली? अक्काला तर आनंद झाला. सिद्रामप्पानं गूळ वाटला. म्या बी खाल्ला.

खरं कारण मला मागनं कळलं. पाटील पारावर म्हणाला होता, "ती बाई चावडीत यायचीच न्हाय. तिला तिचंच आवरंना, ती जाजमावर कशी बसंल?" आन् बाप्ये खी खी करून हसले होते. चावडीचं जाजम म्हणजे आमच्या गावात मोठं प्रस्थ. बाईमाणसानं त्याच्यावर पाय ठेवायचा न्हाय, चावडीपुढून जाताना चपला सुद्धा हातात घ्यायच्या, असा दस्तूर.

मंग असं व्हायचं की सभा चावडीत आन् अक्का घरात. सांजच्याला कोतवाल गोरोबा वही आन् शाईची डबी घेऊन यायचा. अक्का विचारायची, "काय लिवलंय रे?" "नेहमीचंच, अक्का. दिवाबत्ती, आडातला गाळ." अक्का अंगठा उठवायची. मेंबर हजर. प्रेमलाच्या घरी बी तसंच. एवढी शहाणी बाई, तागडीतली खोट लांबून वळखायची, पण कागदाला भुलली.

आता गोदरीचं सांगते. लाजू नका, तुमी बी माणसंच हाव. गावाच्या खालच्या अंगाला, वढ्याच्या कडंला, निवडुंगाच्या दाट कुपाआड बायकांची जागा होती. तिला आमी गोदरी म्हणायचो. पहाटं उजाडायच्या आत आन् दिवेलागण झाल्यावर, बायकांनी तिथं जायचं. मधल्या येळंला पोटात कळ येऊ दे, पाणी साचू दे, दाबून बसायचं. बाप्यांना सगळं रान मोकळं. आमाला एवढी एकच जागा, पण ती आमची होती.

माघातली गोष्ट. एका सकाळी बघतो तर गोदरीत चुन्याची फक्की मारलेली, चार कोपऱ्याला खुंट्या. काय तर म्हणं सोसायटीचं गोदाम होणार. शेजारी पाटलाचं रान, गोदामाला सडक आली की पाटलाच्या बांधाला सडक आली. बायका चिडल्या, भांडायला चावडीकडं निघाल्या, तर गोरोबा वाटंतच म्हणाला, "माझ्यावर कामून वरडता? ठराव हाय. शिवगंगाक्काचा अंगठा हाय त्याच्यावर."

सगळ्या अक्काच्या दारात. कुणी काय बोललं ते मी सांगत न्हाय, नऊ वर्सांचा वास सुद्धा काढला मेल्यांनी. अक्कानं आपला अंगठा उलटा-सुलटा करून बघितला. मंग उठली, पायात चपला घातल्या आन् चालू पडली. मी मागनं पळाले. चावडी आली तरी तिनं चपला काढल्या न्हायत. पायऱ्या चढली आन् जाजमाच्या कडंला उभी राहून वरडली, "पाटील! मला न वाचून दाखवता माझा अंगठा कशाला घेतला? माझ्या अंगठ्यानं माझ्याच लेकी-सुनांची जागा घेता?"

काय आवाज लागला होता! पण पोटातनं वरडली आन् अंगानं दगा दिला. लुगड्याखालनं धार आली, जाजमावर ओल पसरली. पाच-सात बाप्ये बसलेले, सगळ्यांनी बघितलं. पाटील सावकाश उठला. म्हणाला, "गोरोबा, जाजम उचल आन् वढ्याला धुवून आण. शिवगंगाबाई, आधी आपलं आवरा, मंग गावाचं आवरायला या."

मला वाटलं धरणी फाटावी. अक्का मात्र तशीच वळली, तशीच ओल्या लुगड्यानं भर बाजारपेठेतनं घरी आली. पदर सुद्धा पुढं घेतला न्हाय. अंघोळ केली, लिंगाची पूजा केली, मंग झरोक्यातनं हाक मारली. "अयोध्ये, तुझी बहीण सोलापूरला दवाखान्यात आया हाय न्हवं? ती कायतरी आपरेशनचं म्हणत होती."

म्हणत होती खरं. तिथं शामलाबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या, त्या असल्या बायांवर इलाज करायच्या. गेल्या दिवाळीला म्या अक्काला सांगितलं होतं, तवा ती म्हणाली होती, "त्या जागंला सुरी लावून घेऊ? मरण आलं तरी न्हाय." आता म्हणाली, "कवा निघायचं?"

आमचे ग्रामसेवक वसंतराव म्हणून होते. नवं पोरगं, नाकासमोर चालणारं. त्यांना अक्कानं बोलावून विचारलं, ठराव मोडायचा कसा? ते म्हणाले, "सभेत स्वतः हजर राहून विषय मांडावा लागंल, अक्का. सात मेंबरांतल्या चौघांचे हात वर पाहिजेत. दसऱ्याला पाया खोदणार. त्याच्या आधीची सभा पोळा झाल्यावर." अक्कानं बोटांवर महिने मोजले. म्हणाली, "पुरतंय."

सिद्रामप्पा मात्र आडवा आला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "लोकं काय म्हणतील? झाली एवढी वर्सं, निघतील अजून थोडी." अक्का म्हणाली, "निघतील, पण माझी निघायचीत. तुमची न्हाय." तो दुकानात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आमी दोघी यष्टीत चढलो. अक्का घडी केलेलं पोतं बुडाखाली घेऊन बसली. यष्टी आदळली की ती डोळे मिटायची, आन् मी तिचा हात दाबून धरायची.

शामलाबाई बारीक चणीच्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी तपासलं, खोकायला लावलं, मंग समजावून सांगितलं. लघवीच्या पिशवीचं तोंड ज्या आधारावर असतं तो आधार बाळंतपणात ढिला झालाय. म्हणून जोर आला की तोंड खाली सरकतं आन् गळतं. "आपण खालून एक पट्टी घालायची. लेकराला झोळीत घालतो ना, तशी ती नळीला तोलून धरते. पट्टीची दोन्ही टोकं वर पोटाच्या आतल्या बाजूला टाचायची. नायलॉनची असते, कुजत नाही."

"नायलॉन?" अक्का म्हणाली. "ते लुगड्याचं?"

"त्याच जातीचं. पण खरं सांगते, हे काम नवीन आहे. कधी कधी शरीर परकी वस्तू ठेवून घेत नाही. पिकलं तर पट्टी काढावी लागेल. ढिली राहिली तर गळणार, जास्त ताणली गेली तर लघवी अडणार."

अक्का म्हणाली, "बाई, नाडी किती ताणायची हे कोण्या बाईला शिकवावं लागतं का? बांधा तुमी."

शामलाबाई हसल्या, पण कागद पुढं करून म्हणाल्या, "मालकांची सही लागेल. इथला नियम आहे." झालं! मालक तिकडं गावात रुसून बसलेला. अक्कानं कागद बघितला, बाईंकडं बघितलं आन् म्हणाली, "बाई, माझ्या एकटीच्या अंगठ्यानं आख्ख्या गावाच्या बायकांची जागा गेली. तवा कुणी मालकाला विचारलं न्हाय. मंग माझ्या अंगठ्यानं माझं एकटीचं अंग नीट व्हायला मालक कशाला पाहिजे?"

शामलाबाईंनी स्वतःच शाईची डबी उघडली. अक्का म्हणाली, "आधी वाचून दाखवा. सगळं. एक अक्षर गाळू नका." त्यांनी वाचलं, अक्कानं ऐकलं, मंग अंगठा उठवला. साक्षीला खाली माझा.

पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं. आत अक्का जागी होती, डॉक्टरणीशी बोलत होती म्हणं. मी बाहेर बाकड्यावर तुळजाभवानीला नवस बोलत होते. नंतर आठ दिवस रबरी नळी आन् खाली बाटली. नवव्या दिवशी नळी काढली आन् लघवीच होईना. सकाळची दुपार झाली. पोट फुगलं, अक्का घामानं निथळली. नऊ वर्सं जी धरता येत न्हवती, ती आता सुटंना. माझ्या बहिणीनं मोरीतला नळ सोडून ठेवला, पाण्याचा आवाज ऐकवला. मला वाटलं, संपलं सगळं, पट्टी जास्त ताणली गेली. आन् उन्हं उतरताना अक्का आतनं वरडली, "अयोध्ये! आली गं आली!" सगळ्या वार्डातल्या बाया हसल्या. मी रडले.

शामलाबाईंनी खोकायला सांगितलं. अक्का खोकली, जोरात खोकली. कोरडं! बाई म्हणाल्या, "आता हसून दाखवा." अक्का म्हणाली, "ते ठेवून दिलंय. गावात लागंल."

त्याच दिवशी दारात सिद्रामप्पा उभा. हातात कडक भाकरी आन् शेंगाचटणीचं गाठोडं. येऊन बायकोच्या पायापाशी बसला. शामलाबाई त्याला म्हणाल्या, "तीन महिने घागर उचलायची नाही, बरं का." आन् सांगते, त्या गरीब माणसानं तीन महिने खांद्यावर कावड घेऊन आडाचं पाणी वाहिलं. बाप्ये हसायचे. तो म्हणायचा, "हसा. पाणी गोड लागतंय." त्या माणसाबद्दलचं माझं मत तवा बदललं.

पण अक्काची खरी करामत पुढं. गावात आल्यावर तिनं मला बजावलं, "बरं झालं म्हणून कुणाला सांगायचं न्हाय." रोज सकाळी कोरडी फडकी पाण्यातनं काढायची, पिळायची आन् दोरीवर वाळत घालायची. पहिल्यासारखीच, चार. परड्यावरनं जाणारी-येणारी बघायची आन् म्हणायची, सोलापूरला जाऊन चिरून आली, पर गुण न्हाय आला. बातमी पाटलाच्या कानावर गेली. गोरोबा वही घेऊन आला की अक्का म्हणायची, "ठेव. अंगठा दुखतोय."

पोळा झाला. सभेचा दिवस उजाडला. अक्कानं हिरवं इरकली नेसलं, खाली एक फडकं सुद्धा बांधलं न्हाय. म्या म्हटलं, "अक्का, असूं द्या की एखादं, जिवाला आधार." ती म्हणाली, "आधार आत हाय." वाटंत प्रेमलाच्या दारात थांबली आन् तिचा हात धरून तिला बी बाहेर काढलं. मागनं आमी पंचवीस-तीस बाया. चावडी आली. अक्कानं चपला हातात घेतल्या न्हायत. आमी बी घेतल्या न्हायत. बाप्ये काढतात तशा पायरीपाशी चपला काढून ती वर गेली आन् ऐन मधोमध जाजमावर मांडी घालून बसली. प्रेमला तिच्या मागं अंग चोरून बसली. आमी ओट्याखाली उभ्या.

पाटील बघतच राहिला. पण लई पोचलेला माणूस तो. म्हणाला, "बसा की, बाई. तुमचा विषय शेवटाला घेऊ." आन् लांबवायला सुरुवात केली. दिवाबत्ती झाली, गाळ झाला, कोंडवाडा झाला. चहा मागवला. अक्कापुढं दोन कप ठेवले, "घ्या, लांबनं आलाय." घर हाकंच्या अंतरावर, आन् म्हणं लांबनं! अक्कानं दोन्ही कप प्याले. वर तांब्याभर पाणी प्याली. दोन तास झाले, अडीच झाले.

मंग पाटलानं शेवटचा डाव टाकला. त्याला अक्काचं हसणं ठाऊक होतं. तो निजामाच्या काळातल्या एका गिरदावराची, वसुलीवर फिरणाऱ्या साहेबाची, गोष्ट सांगायला लागला. साहेब तट्टावर उलटा बसला, शेपटीला लगाम समजला आन् तट्टू थेट कुंभाराच्या भट्टीत शिरलं. पाटील नकला लई भारी करायचा. बाप्ये लोळायला लागले. आमी खाली उभ्या, आमाला बी हसू आवरंना. सगळ्यांचे डोळे मात्र अक्काच्या बुडाखालच्या जाजमावर.

आन् अक्का हसली. पदर न लावता, मान मागं टाकून, नऊ वर्सांचं साठलेलं. हसता हसता ठसका लागला, खोकली, पुन्हा हसली. डोळ्यांतनं पाणी आलं. चावडीचे पत्रे दणाणले. बाप्यांचं हसू एकेक करून थांबलं, ती एकटीच हसत राहिली.

मंग तिनं डोळे पुसले आन् उभी राहिली. "पाटील, गोष्ट झकास होती. आता जाजम चाचपून बघा. तुमीच बघा, गोरोबाला सांगू नका." पाटील हलला न्हाय. म्हातारे नारायणराव मास्तर मेंबर होते, ते वाकले आन् हात फिरवून म्हणाले, "कोरडं ठणठणीत हाय."

अक्का म्हणाली, "मी माझं आवरलंय. आता गावाचं आवरायला आलीय. इथं बसलेल्या परत्येकानं मला सांगावं, दसऱ्यापासनं तुमच्या बायकोनं आन् सुनंनं कुठं जायचं? बोला की! मला एकटीला नऊ वर्सं धरता आलं न्हाय, तर तुमी जाजम धुतलं. आख्ख्या गावाच्या बायकांना धरायला लावताय, ते कशानं धुवाल?"

वसंतराव म्हणाले, "गोदरीची जागा देण्याचा ठराव रद्द करावा, याच्या बाजूनं हात वर करा." अक्काचा वर गेला. मास्तरांचा गेला. शिवलिंगप्पा तेली, ज्याच्या घरात तीन सुना आन् तिघी आमच्यात उभ्या, त्यानं खाली बघत हात वर केला. तीन. चौथा कुठला? पाटलाकडचे दोघं दगडासारखे बसलेले. अक्का मागं वळली न्हाय, कुणाला काही म्हणाली न्हाय. आन् मागनं बांगड्या वाजल्या न्हायत, कारण त्या हातात बांगड्या न्हवत्याच. प्रेमलाचा रिकामा हात वर आला. पाटील म्हणाला, "वैनी!" ती म्हणाली, "मी बी तिथंच जाते, भावजी."

वसंतरावांनी लिहिलं. डबी पुढं केली. अक्का म्हणाली, "आधी वाचा." त्यांनी मोठ्यानं वाचलं, आमाला खालपर्यंत ऐकू गेलं. मंग अक्कानं अंगठा उठवला, असा दाबून की शाई कडंनं बाहेर आली. शाईचा अंगठा तिनं मुद्दाम लुगड्याला पुसला.

खाली उतरली, चपला घातल्या. म्या विचारलं, "अक्का, घरी?" ती म्हणाली, "खुळी का काय? दोन कप चहा आन् तांब्याभर पाणी पोटात हाय. चल गोदरीला. पळायचं न्हाय, सावकाश जायचंय."

पुढं अक्का, तिच्या शेजारी प्रेमला, मागनं आमी सगळ्या. चावडीतले बाप्ये बघत होते. दिवेलागणीला अजून लई येळ होता, ऊन चांगलं डोक्यावर होतं, आन् आमी उजेडात चाललो होतो.